माती बघायला आलेला माणूस

२ मार्च

चि. टिटवीस,

तुला एक आजी आहे. उंची बेताची, नाक मोठं, खालचे दात चार. आठवली का? नसेल आठवली तर घरात कुठे फोटो सापडतो का बघ आणि मग पुढचं वाच. दोन महिने झाले तुझ्या पत्राला. फोन करते म्हणू नकोस. फोनवर मला फक्त ‘जेवलीस का’ एवढंच ऐकू येतं आणि त्याचं उत्तर रोज तेच असतं. पत्राचं बरं असतं, पुन्हा वाचून घेता येतं.

हे उतरवून घेते आहे तुझी आई. ऑफिसातून दमून आली आहे, पाय दुखताहेत, तरी सासूची बडबड लिहिते आहे. तेव्हा या पत्रात तिच्याबद्दल सगळं चांगलंच येणार, हे धरून चाल. (“हे पण लिहू का?” विचारते आहे. लिही म्हटलं.)

आता कामाचं. सांडपाण्याचा पाइप फुटला म्हणून प्लंबरनं फाटकापासून पायरीपर्यंत अंगण खणलं. नवा पाइप टाकला, चर बुजवला आणि गेला. अंगण असं दिसतंय की म्हैस लोळून गेली असावी. होतं ते गवत मेलं. आता नवं करायचं. तुझा बाप म्हणतो, तयार गवत आणू. गवताच्या गाद्या मिळतात म्हणे, चटईसारख्या गुंडाळलेल्या. ट्रकमधून उतरवायच्या, उलगडायच्या, संध्याकाळी अंगण हिरवं. मी म्हणते, बी पेरू.

खरं सांगू? मला खटकतंय ते गवत नाही, घाई. न्हाणीघरातला नळ बदलायला ज्या माणसानं तीन वर्षं लावली, त्याला गवत मात्र पंधरा दिवसांत हवंय. का गं?

तू एवढ्या मोठ्या स्टेडियमचं मैदान राखतेस. त्याचा पगार देतात तुला, म्हणजे काहीतरी कळत असणार. सांग, बी की गाद्या?

तुझ्या आईच्या अक्षरात,
तुझी आजी

८ मार्च

प्रिय आजी,

आठवलीस. नाकाशी आले आणि लगेच आठवलीस. चुकले, कान धरले.

बी पेर. डोळे मिटून बी पेर. तयार गवत दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या मातीत वाढलेलं असतं. बोटभर मातीसकट सोलून, गुंडाळून आणतात. वरून हिरवंगार दिसतं, पण खाली तुमच्या चिकट मातीत त्याची मुळं उतरतीलच असं नाही. पहिले पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ भिजवावं लागतं, नाहीतर जुन्या चपलेच्या तळव्यासारख्या कडा वर येतात. आम्ही गोलसमोरचा झिजलेला तुकडा असाच बदलतो, कारण आमची सामन्याची तारीख ठरलेली असते. तुमची कसली तारीख आहे?

बी जिथे रुजतं तिथलंच होतं. त्याची कुणाला समजूत घालावी लागत नाही. माती भुसभुशीत कर, खडे वेच. बियात दुप्पट वाळू मिसळ, म्हणजे सगळीकडे सारखं पडेल. आधी उभं फेकायचं, मग आडवं. वरून फळीनं दाबायचं. पाणी झारीनं घाल, पाइपनं नको, नाहीतर सगळं बी वाहत जाऊन एका कोपऱ्यात सभा भरवतं. दहा-बारा दिवसांत कोंब दिसतील. पण दोन महिने कुणालाही पाय ठेवू देऊ नकोस. चारही बाजूंनी दोरी बांध.

बाबांना एवढी घाई कशाची आहे? घरात काही ठरतंय का, जे मला कुणी सांगत नाही?

टिटवी

१४ मार्च

चि. टिटवीस,

अक्षर वेगळं दिसतंय म्हणून दचकू नकोस. मी मेले नाही. हे लिहिताहेत कोपऱ्यावरचे घड्याळवाले. दुकानात आत्ता गिऱ्हाईक नाही. तसं ते कधीच नसतं म्हणा. (लिहा हो, खरं ते खरं.)

तुझं पत्र मी दोनदा वाचून घेतलं. माझी ही जुनी रीत आहे. ज्याला अक्षर येत नाही त्यानं वाचणारे दोन ठेवावेत, आणि त्या दोघांचं आपसात पटत नसावं. तुझ्या आईच्या घड्याळाचा पट्टा यांनी उलटा बसवला होता, तेव्हापासून या दोघांचं बोलणं बंद आहे. मला आणखी काय हवं?

तर ऐक. तुझ्या आईनं पत्र वाचलं ते ‘दोरी बांध’पाशी संपलं. घड्याळवाल्यांनी वाचलं तेव्हा त्यातून आणखी दोन वाक्यं निघाली. बाबांना घाई कशाची, आणि घरात काही ठरतंय का. आता मला सांग, ती दोन वाक्यं वाचताना हिची जीभ का अडखळली?

पुढे ऐक. मंगळवारी एक माणूस आला. पांढरेशुभ्र बूट. तुझा बाप म्हणाला, “आई, हे माती बघायला आलेत. गवताच्या कामासाठी.” बरं. मातीकडे त्यानं एकदा बघितलं, तेसुद्धा बूट बरबटले म्हणून. मग आत येऊन छत बघितलं. भिंती ठोकून बघितल्या. स्वयंपाकघरातला नळ सोडला, बंद केला. शेवटी संडासाची साखळी ओढून बघितली. मी जन्मात असा माळी बघितला नाही. हॉलमध्ये उभा राहून विचारतो, “दुपारचं ऊन कुठून येतं?” म्हटलं, “का हो, गवत सोफ्यावर लावणार आहात का?” हसला. बायको गाडीतच बसून होती, तिथून खिडक्या मोजत होती.

घर विकायला काढलंय, टिटवे. माझ्या डोक्यावरचं छप्पर. आणि यामागे तुझी आई आहे. बापाचं काय, तो वाऱ्याबरोबर फिरणारं पातं आहे. ही मात्र आठ दिवस गप्प आहे. मी स्वयंपाकघरात शिरले की दोघं बोलायची थांबतात आणि झाकणं वाजायला लागतात. डोळे लाल असतात हिचे. कट करणाऱ्याला झोप कुठली लागायला?

उत्तर घरीच पाठव. पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा घरात मी एकटीच असते. घोट्याला पट्टी आहे म्हणून दाराशी जायला जरा वेळ लागतो, एवढंच. काही नाही, खाटेचा कोपरा लागला.

तुझी आजी

(आजींनी सांगितलं तसं लिहिलं. घोट्याची हकिकत मला वेगळी माहीत आहे, पण ती लिहू देत नाहीत. घरी फोन करून विचारावं. – घड्याळवाले)

२० मार्च

माझी लाडकी आजी,

तुझं पत्र मिळालं. किती छान पत्र लिहितेस तू!

मी गवताचा पुन्हा नीट विचार केला. मला वाटतं, तयार गवतच घ्या. बी पेरलं की चिमण्या टिपतात, मुंग्या वाहून नेतात. जे उरतं ते उगवेपर्यंत दोन महिने अंगणात चिखल. त्या चिखलातून जा-ये करायची म्हणजे घसरायची भीती. गाद्या टाकल्या की तीन आठवड्यांत खुशाल चालता येतं. मुळंही बऱ्यापैकी धरतात. कोपरा हलकेच उचलून बघायचा, पांढरे धागे दिसले की झालं. बाबांचं काही चुकत नाहीये.

तो माणूस छत बघत होता, कारण छतावरचं पाणी अंगणातच पडतं ना, निचऱ्याचा अंदाज घेत असेल. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. आणि आईवर संशय घेऊ नकोस गं. ती तशी नाही.

मे महिन्यात माझ्याकडे ये ना राहायला, चार दिवस. लिफ्ट आहे, बाल्कनी आहे, समोर दवाखाना आहे. मजा करू.

तुझीच लाडकी,
टिटवी

२४ मार्च

टिटवे,

मला वाचता येत नाही, म्हणून मला विसरताही येत नाही. वाचणारी माणसं सगळं कागदावर ठेवून मोकळी होतात. मला ते डोक्यात ठेवावं लागतं.

आठ मार्चला तू म्हणालीस, बी जिथे रुजतं तिथलंच होतं, त्याची कुणाला समजूत घालावी लागत नाही. वीस मार्चला म्हणतेस, मुळं बऱ्यापैकी धरतात. बारा दिवसांत गवताचा स्वभाव पालटला का? शिवाय ‘लाडकी आजी’. जन्मल्यापासून तू मला लाडकी म्हणाली नाहीस. ज्या दिवशी शेजारच्यांची बरणी फोडलीस त्या एका दिवशी म्हणाली होतीस.

आणि निचरा म्हणे! संडासाच्या साखळीचा कुठला निचरा गं?

आता मुख्य गोष्ट. पाकीट माझ्या हातात आलं तेव्हा घरात कुणी नव्हतं. आत कागद दोन होते. मला लिहितेस ते अक्षर मी ओळखते. मोठं, गोल, मोकळं, आईला मोठ्यानं वाचता यावं म्हणून. दुसऱ्या कागदावर मुंग्यांची रांग होती, तिरकी, घाईची. वाचता येत नाही म्हणजे दिसत नाही असं थोडंच आहे? तुला वाटलं, म्हातारी दोन्ही कागद सुनेच्या हातात देईल आणि ती दुसरा गुपचूप बाजूला काढेल. नेहमी देतेही. या वेळी दिले नाहीत. पट्टी बांधलेल्या पायानं कोपऱ्यापर्यंत गेले.

घड्याळवाले म्हणाले, “आजी, हे पत्र दुसऱ्या कुणाला आहे.”

म्हटलं, “पाकिटावर नाव कुणाचं?”

“तुमचं.”

“मग वाचा.”

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि वाचलं. तुझं तुलाच परत ऐकवते. विसरली असशील.

‘बाबा, तयार गवतच लावा, बी नको. पाच एप्रिलला ते लोक पुन्हा येतील तेव्हा अंगण हिरवं दिसायला हवं. बी पेरलं तर आजी दोरी बांधून दोन महिने फाटकात बसेल आणि कुणाला आत येऊ देणार नाही. तिला आत्ता काही सांगू नका. मे महिन्यात मी तिला चार दिवसांसाठी म्हणून इकडे आणते. रुळली की सांगू. आईला म्हणावं, तोवर गप्प राहा.’

घड्याळवाल्यांनी भिंग काढलं आणि बराच वेळ पुसत बसले. त्यावर धूळ नव्हती.

घर माझ्या नावावर आहे, टिटवे. माझ्या अंगठ्याशिवाय त्याची वीटसुद्धा हलत नाही, हे तुझ्या बापाला ठाऊक आहे. म्हणजे सगळं हिरवं करून झाल्यावर, मला तुझ्या बाल्कनीत बसवून, गप्पांच्या ओघात अंगठा मागणार होता तुम्ही. बापाचं एक वेळ मी समजू शकते. तुझ्याकडे तर मी गाऱ्हाणं घेऊन आले होते. चोराच्याच घरी जाऊन चोरीची फिर्याद दिली मी!

संध्याकाळी तुझी आई आली. मी तो कागद ओट्यावर ठेवला. तिनं तो बघितला आणि पिठाच्या डब्यावर खाली बसली. म्हणाली, “आई, मी नाही म्हणत होते. पहिल्या दिवसापासून नाही म्हणत होते. ह्यांनी शपथ घातली. तुम्हाला ती दोन वाक्यं वाचून दाखवली असती तर तुम्ही पुढचं विचारलं असतं, आणि माझ्याच्यानं खोटं बोलवलं नसतं.”

पंधरा दिवस जिला मी कटवाली म्हणत होते, ती रडून रडून डोळे लाल करत होती. यात माझी अक्कल दिसली. त्या संध्याकाळी कणीक मी मळली.

शुक्रवारी गवताचा ट्रक यायचा आहे. बघते.

आजी

३० मार्च

आजी,

शुक्रवारी रात्री बाबांचा फोन आला. ट्रक परत गेला, एवढंच म्हणाले. आईनं फोन घेतला नाही. तुझ्याकडून काही नाही. तीन वेळा पत्र लिहायला बसले आणि फाडलं. हे आता फाडत नाही.

तुला माहीत नसेल, पण तुझ्या चौदा तारखेच्या पत्राखाली घड्याळवाल्यांनी स्वतःची एक ओळ लिहिली होती. त्यांच्यावर चिडू नकोस. त्या ओळीमुळे मी आईला फोन केला. तेव्हा कळलं की खाटेचा कोपरा वगैरे काही नव्हतं. तू त्या ओल्या मातीत घसरून पडलीस, आणि फाटकाच्या आत पाऊण तास तशीच पडून होतीस. घड्याळवाले जेवायला घरी निघाले म्हणून त्यांना दिसलीस. नाहीतर?

त्या दिवशी मी मैदानावर चुन्याची रेघ मारत होते. ती कुठे गेली मला कळलंच नाही, पेनल्टीची चौकट तिरकी झाली. बाबांच्या डोक्यात घर विकायचं आधीपासून होतं, मी विरोध केला असता. पण त्या दिवसानंतर मला फक्त एवढंच दिसत होतं की तू चिखलात आहेस आणि मी इथे आहे. म्हणून मी बाबांपेक्षा जास्त घाई केली. चिखलाबद्दल मी जे लिहिलं ते खोटं नव्हतं. बाकीचं होतं.

तुला वाचता येत नाही, याचा फायदा घ्यायला निघाले होते मी. हे लिहितानाही लाज वाटते, आणि हे तुला दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकावं लागणार याची जास्त.

जे पहिल्यांदा विचारायला हवं होतं ते आता विचारते. आजी, माझ्याकडे राहायला येशील का? कायमची. नाही म्हणालीस तरी चालेल. पण तू म्हण.

टिटवी

६ एप्रिल

चि. टिटवीस,

हे पत्र दोन अक्षरांत आहे. अर्धं तुझ्या आईनं लिहायचं, अर्धं घड्याळवाल्यांनी. दोघं आमच्याच टेबलाशी बसलेत, एकमेकांकडे न बघता. जे सांगणार आहे त्याला दोन साक्षीदार हवेत. उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारी असं बोललीच नव्हती.

शुक्रवारचं आधी. मी फाटकात खुर्ची टाकून बसले. ट्रकवाला म्हणाला, “आजी, गाद्या गुंडाळलेल्या राहिल्या की आतून तापतात. आज उलगडल्या नाहीत तर पिवळ्या पडतील.” म्हटलं, “मग ज्याला घाई आहे त्याच्याकडे न्या.” तुझा बाप कुजबुजला, “आई, लोक बघताहेत.” म्हटलं, “बघू दे. सध्या आपलं घर बघायला लोक येतातच आहेत.” शेवटी गाद्या समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरनं घेतल्या. त्याचं अंगण सुरेख दिसतंय. खोटं कशाला बोलू?

ट्रक गेल्यावर तुझा बाप पायरीवर बसला. मला वाटलं, आता भांडेल. तो म्हणाला, “त्या दिवशी फोन आला तेव्हा मी कुणाचा तरी विजेचा मीटर बघत होतो. आकडा चुकीचा टिपला. तेव्हापासून आई, रोज अकरा वाजले की मला वाटतं, तू पडली असशील.” एवढा मोठा बाप्या, डोक्यावर केस नाहीत, आणि नाक शर्टाला पुसत होता. मी म्हटलं, “मग हे मला सांगायचं, की छत बघणाऱ्या माणसाला?”

शनिवारी प्लंबरला बोलावून फाटकापासून पायरीपर्यंत खरखरीत फरश्या टाकून घेतल्या. बाजूला धरायला लोखंडी दांडा. रविवारी दोन्ही बाजूंना बी पेरलं. वाळू मिसळून, उभं आणि आडवं. पेरलं तुझ्या बापानं, गुडघ्यांवर बसून. मी खुर्चीवरून चुका काढल्या. दोरी तुझ्या आईनं बांधली, अशी घट्ट की पोस्टमनसुद्धा दबकून चालतो.

काल ते पांढऱ्या बुटांचे लोक आले. त्यांना मी स्वतः घर दाखवलं. ओल कुठे येते, कुठली खिडकी लागत नाही, सगळं दाखवलं. चहा न घेता गेले.

इथून पुढे अक्षर घड्याळवाल्यांचं. तुझ्या आईला लिहवेना.

तू विचारलंस, म्हणून उत्तर देते. नाही. मी येत नाही. ज्या दिवशी मला फरशीवरून फाटकापर्यंत जाता येणार नाही त्या दिवशी मीच सांगेन, आणि तेव्हा तुझ्या बाल्कनीत हवी तेवढी बसेन. तोवर घड्याळवाले अकराला आणि तीनला येऊन जातात. मला बघायला नाही हो, आमच्या भिंतीवरचं घड्याळ बघायला, असं म्हणतात. चालू घड्याळाला दिवसातून दोनदा काय बघायचं असतं ते मी विचारत नाही. त्या चोरट्या ओळीबद्दल मात्र मी त्यांना चार शब्द सुनावलेत.

आता एक माझंही ऐक. मी पडले हे मी लपवलं. पडल्या पडल्या आभाळ बघत होते तेव्हा मनात आलं होतं, पुरे झालं, आता टिटवीकडे जावं. देवाशपथ आलं होतं. त्या आठवड्यात तू सरळ विचारलं असतंस तर मी बोचकं बांधून निघाले असते. पण मी गप्प राहिले, मग तुम्ही गप्प राहिलात, आणि मला चोरून न्यायला निघालात. त्या क्षणी या मातीत माझे पाय असे रुतले की आता मला उपटायचं तर घर बरोबर येईल.

रागावले आहे का? आहे. मे महिन्यात तूच ये, बघ किती आहे ते. चार दिवस म्हणून येऊ नकोस, किती दिवस ते खरं सांगून ये.

तोवर खजूर पाठव, दोन डबे. बिया काढलेला नको. ज्याच्या पोटात आधीच कुणी बोट घालून बघितलंय, असं काही मी आता घेत नाही.